स्वूल टेबल : वेगाला पूर्ण गुण, आकाराचा हिशेब मात्र आधी

पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेच्या स्वूल एक्स्टेन्शनमधील (भाषेला जोडायच्या पूरक भागातील) टेबल ही सोय एकाच सर्व्हरवरच्या सगळ्या वर्कर प्रोसेसना, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या समांतर प्रक्रियांना, सामायिक मेमरीतून माहिती वाचू-लिहू देते. नेटवर्कवरून रेडिसकडे (मेमरीत माहिती ठेवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे) जाण्या-येण्याचा वेळ वाचतो आणि लॉक (एका वेळी एकानेच लिहावे यासाठीचे कुलूप) प्रत्येक ओळीपुरते असल्यामुळे वर्कर एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. वेगाबद्दल तक्रारीला जागाच नाही.

कस लागतो तो आकार ठरवताना. वर्कर फोर्क होताना, म्हणजे मूळ प्रोसेसची प्रत म्हणून जन्मताना, ही मेमरी मूळ प्रोसेसकडून घेतात. त्यामुळे टेबल सर्व्हर सुरू होण्यापूर्वीच तयार करावे लागते आणि पुढे ते वाढवता येत नाही. मागितलेल्या ओळींची संख्या दोनाच्या पुढच्या घातापर्यंत नेली जाते, म्हणजे १,००,००० मागितल्या तर १,३१,०७२ मिळतात, आणि हॅशच्या टकरींसाठी (दोन नोंदींच्या वाट्याला एकच जागा येण्याच्या प्रसंगांसाठी) त्यावर आणखी २० टक्के जागा राखली जाते. स्वूलवर चालू शकणाऱ्या लारावेल ऑक्टेन या पीएचपी साधनाच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) मुळात १,००० ओळी आणि प्रत्येकी १०,००० बाइट असतात. हे सुमारे १२ एमबीत भागते. मात्र बाइटला हात न लावता कोणी ओळी तेवढ्या १,००,००० केल्या, तर हाच आकडा दीड जीबीच्या वर जातो, मग कॅशमध्ये प्रत्यक्षात चारच नोंदी का असेनात!

मजकुराच्या स्तंभाची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, ही गोष्ट मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ला ३० बाइट लागतात, २४ बाइटच्या स्तंभात ‘महाराष्ट’ एवढेच उरते. स्वूल अशा वेळी इशारा देऊन मजकूर कापते, तर ऑक्टेन सरळ एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक दाखवून काम थांबवते, आणि मला ऑक्टेनची रीतच रास्त वाटते. जागा संपली की नवी नोंद करताना ‘फॉल्स’ (नोंद झाली नाही असे उत्तर) परत येते, जे तपासण्याची तसदी बरेचजण घेत नाहीत. शिवाय टकरींमुळे ही वेळ कागदावरची क्षमता गाठण्याआधीही येऊ शकते.

रेट लिमिटचे (ठरावीक वेळेतल्या विनंत्यांवरच्या मर्यादेचे) काउंटर, कनेक्शनची यादी अशा छोट्या, ठरावीक मापाच्या नोंदींसाठी मी हे टेबल बिनदिक्कत सुचवीन, फक्त ओळी अपेक्षेच्या निदान दीडपट धराव्यात. लांबी सतत बदलणारा मजकूर आणि रीस्टार्टनंतरही टिकायला हवीत अशी सेशन्स मात्र रेडिसमध्येच ठेवावीत.