नवीन माणूस घरून जॉइन होतोय: व्हिडिओ पाठवायचा की कॉलवर बसायचं?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी पावणेदहाला माझ्या लॅपटॉपवर चार नवीन चेहरे होते. एक लातूरची, एक चिपळूणचा आणि दोघं नाशिकचे. कंपनीची ओळख सांगून झाली, पगाराच्या विषयाला हात घातला आणि थोड्याच वेळात मुलुंडच्या घरातला पंखा थांबला, वाय-फाय गेलं. त्या दिवशी ग्रीडमधल्या बिघाडाने अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी उभ्या होत्या. फोनच्या नेटवर चौघांना पुन्हा जोडता येईना. नोकरीचा पहिला दिवस त्यांनी बंद पडलेल्या कॉलकडे बघत काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी पहिला व्हिडिओ रेकॉर्ड केला.

आज अंधेरीतल्या आमच्या साठेक माणसांच्या ऑफिसातली निम्मी माणसं मुंबईबाहेरून काम करतात, आणि नव्यांना रुजू करून घेणं हे माझं रोजचं काम आहे. इतर कंपन्यांतल्या ओळखीच्या एचआरवाल्या विचारतात, "सगळं रेकॉर्ड करून ठेवलं की सुटलो ना?" नाही सुटत. पण रोज तेच तेच कॉलवर बोलत राहणंही बरोबर नाही. पर्याय चार आहेत: रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, लाइव्ह कॉल, लिहून ठेवलेली माहिती आणि थोडे दिवस मुंबईला बोलावून घेणं. माझं मत आधीच सांगते. जे हाताने करून दाखवायचं आहे आणि सगळ्यांसाठी सारखं आहे, ते रेकॉर्ड करा. जिथे नवीन माणसाने तोंड उघडायला हवं, तिथे व्हिडिओ लावू नका.

व्हिडिओची खरी ताकद मला त्या लातूरच्या मुलीमुळे कळली. वीज आल्यावरच्या पुढच्या कॉलवर मी हजेरी कशी लावायची ते दाखवलं, "समजलं का?" विचारलं, चौघं म्हणाले, "हो मॅडम, समजलं." नऊ दिवसांनी पाहिलं तर तिची एकही हजेरी लागलेली नव्हती. तिचा लॅपटॉप तेव्हा कुरियरमध्येच होता. ती मोबाइलवरून कॉलला बसली होती आणि माझ्या स्क्रीनवरचं बटण तिला तिळाएवढं दिसत होतं. तीन अनोळखी माणसांसमोर "मला दिसलं नाही" म्हणायला ती लाजली. मग मी त्याच कामाचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ केला, बटणापाशी स्क्रीन मोठी करून. पुढच्या खेपेला जॉइन झालेल्या एका मुलाने तो सात वेळा पाहिल्याचं मला दिसलं. त्याला फोन केला तेव्हा तो आधी घाबरलाच. म्हटलं, अरे, तुला सात वेळा बघावा लागला म्हणजे माझं सांगणं चुकलंय, नेमकं कुठे अडतंय ते सांग. ओटीपी कुठल्या नंबरवर येतो हे मी बोललेच नव्हते. व्हिडिओ पुन्हा केला.

पुन्हा पुन्हा बघण्याची ही मुभा लाइव्ह कॉल देऊ शकत नाही. उलट, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून थांबणं व्हिडिओला जमत नाही. कोणी किती वेळा पाहिला हे कळतं, पण का पाहिला हे विचारायला शेवटी माणूसच लागतो. आणि हो, ते आकडे कोणाला पकडण्यासाठी वापरू नका. एकदा का ते लोकांना कळलं, की ते व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवतात आणि चहा करायला उठतात.

लांबीबद्दल मी फार आग्रही आहे. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळाच्या अभ्यासक्रमांमधल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. तिथे तर माणसं स्वतःच्या हौसेने शिकायला आली होती. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पन्नास मिनिटांचं 'इंडक्शन' पाठवतात, तेही बहुतेक वेळा जुन्या मीटिंगचं रेकॉर्डिंग, ज्यात पहिली चार मिनिटं "माझा आवाज येतोय का?" यातच जातात. तसलं रेकॉर्डिंग पाठवण्यापेक्षा काहीच न पाठवलेलं बरं. एका व्हिडिओत एकच काम, आणि नावात त्या कामाचंच नाव.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे व्हिडिओ शिळा होतो आणि पाहणाऱ्याला ते कळत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी इन्कम टॅक्स डिक्लेरेशनवर एक छान व्हिडिओ केला होता. त्यात नव्या करप्रणालीतली प्रमाणित वजावट (पगारातून कर मोजण्याआधी सरसकट वजा होणारी रक्कम) ५०,००० रुपये सांगितली होती. जुलैच्या अर्थसंकल्पात ती ७५,००० झाली. मी पुन्हा रेकॉर्ड केलं. २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी घोषणा झाली, आणि माझा दुसरा व्हिडिओही बाद. त्यानंतर ठरवलं: रक्कम, तारीख, माणसाचं नाव आणि फोन नंबर व्हिडिओत येणार नाही. व्हिडिओत फॉर्म कुठे उघडायचा, कुठली खूण करायची आणि काहीच न निवडल्यास नवी करप्रणाली धरली जाते एवढंच. आकडे लेखी पानावर.

लेखी पानाला लोक कमी लेखतात. पण दिवाळीच्या सुट्ट्या कधी, रजा कोणाकडे टाकायची, मेडिक्लेमचं कार्ड कुठून काढायचं, अशा गोष्टी माणूस शोधतो तेव्हा त्याला अर्ध्या मिनिटात उत्तर हवं असतं. त्यासाठी व्हिडिओ पुढे-मागे सरकवत बसणं म्हणजे छळ आहे. पीएफचंही तसंच. आधीच्या नोकरीचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असेल तर तोच द्यायचा, नाहीतर दुसरा यूएएन तयार होतो आणि पैसे वळते करण्याची दगदग मागे लागते. हे ठळक अक्षरात लिहिलेलं बरं, कारण ते वाक्य दहाव्या मिनिटाला बोललं तर कोणाच्या लक्षात राहत नाही.

काही गोष्टी मात्र लाइव्हच हव्यात आणि यात मी तडजोड करत नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रारींसाठी अंतर्गत समिती मागतो आणि ठरावीक काळाने कार्यशाळाही. बऱ्याच ठिकाणी एक व्हिडिओ, खाली पाच प्रश्न आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर भागवतात. घरून काम करणाऱ्या मुलीला रात्री अकराला वरिष्ठाचा नको तसा मेसेज आला, तर ती व्हिडिओला फोन करणार नाही. समितीतल्या ताईंचा चेहरा तिने पाहिलेला हवा, आवाज ऐकलेला हवा. आमच्याकडे समितीच्या अध्यक्ष प्रत्येक नव्या तुकडीशी वीस मिनिटं स्वतः बोलतात. पहिल्या आठवड्यात टीमलीडने समोरासमोर बसून काम वाटून देणं, हेही रेकॉर्ड होऊ शकत नाही. घरी बसलेल्या माणसाला "चल, खाली टपरीवर जाऊ" म्हणणारं कोणी नसतं.

मुंबईला बोलावणं सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात महाग. राहण्याचा खर्च, आणि ज्याने कधी सकाळची अंधेरी पाहिली नाही त्याला गर्दीच्या लोकलमधून आणणं. पैसे हाताळणारी किंवा ग्राहकांशी थेट बोलणारी माणसं असतील तर दोन-तीन दिवस जरूर बोलवा, इतरांना पहिल्या तीन महिन्यांत कधीतरी. जुलैत शक्यतो नको.

व्हिडिओ करायचेच असतील तर आवाजाकडे लक्ष द्या, चित्राकडे नंतर. आमच्या इमारतीत सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दुपारी वरच्या मजल्यावरचं ड्रिल, संध्याकाळी भंगारवाल्याची हाक. मी रात्री साडेदहानंतर, कपाटाचं दार उघडून, लटकवलेल्या कपड्यांसमोर बसून रेकॉर्ड करते. साध्या इअरफोनचा माइकही मग स्वच्छ ऐकू येतो. स्क्रीन रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ फुकट आणि पुरेसा आहे. ज्यांना त्याची किचकट मांडणी नको त्यांच्यासाठी लूमसारखी साधनं आहेत. भाषेचं म्हणाल तर आमचे व्हिडिओ मराठीत आहेत, बटणांची नावं इंग्रजीत जशीच्या तशी. टीममध्ये मराठी न येणारे दोघं-तिघं असतील तर त्यांना लाइव्ह सांगा. प्रत्येक व्हिडिओ दोन भाषांत ठेवला की सुधारणेचं कामही दुप्पट होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते: रेकॉर्ड करताना खऱ्या ग्राहकाचं खातं उघडू नका. माझ्या एका जुन्या व्हिडिओत कोणाचा तरी मोबाइल नंबर आणि पत्ता पूर्ण दिसत होता, आणि तो दीड वर्ष फिरत राहिला. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर तर ही हयगय परवडणारीच नाही. चाचणीसाठी वेगळं खातं बनवा. आणि यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणजे खासगी नव्हे, लिंक मिळालेला कोणीही तो बघू शकतो. कंपनीच्या ड्राइव्हवर, ठरावीक लोकांनाच परवानगी देऊन ठेवा.

मग तुम्ही काय निवडायचं? मला पाच मिनिटांचा व्हिडिओ तालमीसकट दोन तास खातो. वर्षाला दोन-तीनच माणसं येणार असतील तर या भानगडीत पडू नका, एक नीट लिहिलेलं पान आणि मोकळेपणाने दिलेले चार तास पुरतात. महिन्याला दोघं-तिघं येत असतील तर ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही गेल्या महिन्यात तीनदा दिलंत, त्याचा व्हिडिओ सर्वात आधी करा. आमच्याकडे तो हजेरीचा होता, मग व्हीपीएनचा (घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडण्याची सोय), मग खर्चाची बिलं चढवण्याचा. आज एकूण नऊ आहेत, प्रत्येकाच्या नावात रेकॉर्डिंगचा महिना आहे आणि दर तीन महिन्यांनी मी नऊच्या नऊ स्वतः बघते. नवीन माणसाला सोमवारी सकाळी पहिले तीन जातात. अकराला मी कॉल लावते, कॅमेरा चालू ठेवते आणि सांगते, आता तू स्क्रीन शेअर कर आणि मला हजेरी लावून दाखव.