वर्षानुवर्षं पडून असलेलं छोटं विमान उभारायचंय: पत्र्याचं सेस्ना १५० घ्यावं की कापडाचं पायपर कब?

दहा-पंधरा वर्षं न उडालेलं दोन आसनी विमान घेऊन स्वतः उभारायचं म्हटलं की बहुतेकांसमोर शेवटी दोनच जातकुळ्या उरतात. एक अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची. तिचा नमुना म्हणजे सेस्ना १५०, जे १९५८ ते १९७७ या काळात तेवीस हजारांहून जास्त संख्येने बनलं. दुसरी पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेली, म्हणजे पायपर जे-३ कब. ते १९३८ ते १९४७ या काळात साधारण वीस हजार बनलं. दोन्ही विमानं इतकी पसरली की सुटे भाग अजून मिळतात. तरी दोन्ही कामांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पत्र्याच्या विमानात सुरुवातीला काम कमी दिसतं आणि उघडत जाल तसं वाढतं. कापडाच्या विमानात पहिल्याच दिवशी डोंगराएवढं काम समोर येतं, पण त्यापुढे ते फारसं वाढत नाही. किंमत आणि रंग पाहून निर्णय घेणारे नेमके इथेच फसतात.

सांगाडा: गंज कुठे लपतो

सेस्नाचा पत्रा म्हणजे २०२४-टी३ मिश्रधातू आणि त्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. तो थर शाबूत असेपर्यंत पत्रा टिकतो. ओरखडा, कापलेली कड किंवा रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याचं) भोक अशा जागी मात्र मूळ धातू उघडा पडतो. जुन्या सेस्नांना आतून प्रायमर नसणं ही सर्रास गोष्ट आहे. त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या विमानात दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या सांध्यात ओल धरते आणि पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून दोन रिव्हेटांच्या मधला पत्रा गादीसारखा फुगतो. पंखावरून तिरपा उजेड टाका. फुगवटा असेल तर सावलीत लगेच कळतो. फुगवटा दिसला की वरून घासून रंगवणं निरुपयोगी. सांधा उघडावाच लागतो.

रिव्हेटच्या डोक्यामागे हवेच्या दिशेने काळपट शेपूट दिसली, तर ते रिव्हेट ढिलं होऊन घासतंय असं समजा. याशिवाय न चुकता पाहायच्या जागा अशा: बॅटरीची पेटी आणि तिच्याखालचा पत्रा, कारण तिथे आम्ल सांडलेलं असतं, केबिनमधल्या आवाजरोधक अस्तराच्या मागची बाजू, कारण अस्तर स्पंजासारखं पाणी धरतं, शेपटीच्या शंकूचा तळ, कारण उंदरांची आणि पक्ष्यांची घरटी तिथेच असतात आणि त्यांचं मूत्र पत्रा खातं. काही सेस्नांच्या एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीच्या) ट्रिम टॅबमध्ये, म्हणजे तिच्या कडेच्या छोट्या पट्टीत, फोम भरलेला असतो. तो ओल धरतो आणि टॅब आतून सडतो. पुढच्या चाकावर जोरात उतरलेल्या विमानात इंजिनामागच्या फायरवॉलला (आग अडवणाऱ्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुत्या पडतात, त्याही पाहून घ्या. आणि पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाची लांबीभर जाणारी तुळई, पाहिल्याशिवाय सौदा करू नये. तपासणीची झाकणं काढून आरसा आणि बोरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घालायचा. स्पारच्या कडेला पापुद्रे सुटलेले दिसले, म्हणजे धातू थराथराने उकलत असेल, तर ते विमान सुट्या भागांसाठीच घ्यावं.

कबमध्ये पोलादी नळ्या आतून गंजतात. शेपूट खाली असलेलं विमान असल्यामुळे आत शिरलेलं पाणी उतारावरून मागे जातं आणि शेपटीजवळच्या खालच्या लांब नळ्यांमध्ये साठतं. नळीची जाडी बऱ्याच ठिकाणी इंचाच्या पस्तीस हजारांश एवढीच असते, म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही. अणकुचीदार आरीने खालच्या बाजूला दाबत जायचं. टोक आत गेलं किंवा खड्डा पडला तर नळीचा तो तुकडा कापून, आत बाही बसवून वेल्डिंग करावं लागतं. हे काम विमानाच्या वेल्डिंगचा परवाना असलेल्याकडूनच व्हायला हवं. दुरुस्तीनंतर नळीत गरम जवसाचं तेल फिरवून निथळू द्यायचं आणि भोक बुजवायचं. पंखाला धडाशी जोडून आधार देणाऱ्या तिरप्या स्ट्रटचं खालचं टोकही असंच आतून गंजतं. जुन्या, तोंड बंद नसलेल्या स्ट्रटसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचा २०१५-०८-०४ हा सक्तीचा निर्देश दर २४ महिन्यांनी तपासणी मागतो. पूर्ण बंद केलेले नवे स्ट्रट बसवले की ही कटकट मिटते. पूर्ण उभारणी करणार असाल तर ते बसवाच. सुरुवातीच्या कबमध्ये पंखाचे स्पार लाकडी आहेत. त्यांच्यात कूज, सुटलेला गोंद आणि धाग्यांना आडवी जाणारी बारीक चीर शोधायची. ही चीर केसासारखी असते आणि वॉर्निशखाली सहज नजरेतून सुटते.

फरक एवढाच की कबचं कापड काढलं की प्रत्येक नळी आणि प्रत्येक फासळी तुमच्यासमोर येते. सेस्नाचा पत्रा हाच त्याचा सांगाडा आहे, तो असा सोलून काढता येत नाही.

पत्र्याचं काम आणि कापडाचं काम

रिव्हेटिंगला दोन माणसं लागतात: एक बाहेरून रिव्हेट गन धरणारा, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवणारा. अरुंद शेपटीत दुसऱ्याचा हात पोचत नाही आणि काम तिथेच अडतं. ठोकल्यावर तयार होणारं आतलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धपट उंच हवं. एक अष्टमांश इंचाच्या रिव्हेटसाठी ते सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच येतं. जुनं रिव्हेट काढताना ड्रिल जरा जरी सरकलं तरी भोक लंबगोल होतं. मग पुढच्या मापाचं रिव्हेट घ्यावं लागतं आणि भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर उरतंय का ते पुन्हा मोजावं लागतं. उरत नसेल तर अख्खा पत्रा बदलतो. सेस्नाचं काम वाढतं ते असंच, एका वाकड्या भोकातून. रंगकाम झाल्यावर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) आणि एलिव्हेटरचा समतोल देखभाल पुस्तिकेप्रमाणे पुन्हा तपासायचा. मागच्या कडेला चढलेल्या जादा रंगाने ते वेगात फडफडू लागतात, आणि ती फडफड काही क्षणांत पंख तोडू शकते.

कापडाच्या कामाला माणूस एकच पुरतो, पण जागा आणि धीर भरपूर लागतो. कबच्या पंखांचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट. वरची आणि खालची बाजू धरली तर नुसत्या पंखांनाच ३५७ चौरस फूट कापड लागतं. त्याशिवाय धड आणि शेपूट. आज सुती कापडाऐवजी पॉलिएस्टर वापरतात. ते गोंदाने चिकटवून, तापमान मोजलेल्या इस्त्रीने ताणतात: पहिला हात १२१ अंश सेल्सिअसला, शेवटचा १७७ अंशांना. इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. पृष्ठभागावर थर्मामीटर लावून खूण करा. जास्त तापवलं तर कापडाचा ताण परत सुटतो. हलक्या सांगाड्यावर अती ताणलं तर रडरची (शेपटीच्या उभ्या हलत्या फळीची) मागची किनार धनुष्यासारखी वाकते. त्यानंतर प्रत्येक फासळीला दोऱ्याने शिवण घालायची. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं आणि प्रोपेलरच्या झोतात ते कमी असतं. एफएएच्या एसी ४३.१३-१बी पुस्तिकेत त्याचा आलेख आहे.

सांगाड्याला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमरच लावा. साधा प्रायमर कापडाच्या गोंदातल्या द्रावकाने विरघळतो आणि कापड नळीवरून सुटतं. एका कंपनीचं कापड, दुसरीचा गोंद आणि तिसरीचा लेप असं मिसळू नका. मंजुरी अख्ख्या पद्धतीला असते, सुट्या डब्यांना नसते. लेपात चंदेरी थर सर्वांत महत्त्वाचा, कारण तोच ऊन अडवतो. पंखाच्या आत दिवा धरून अंधारात पाहा. प्रकाश पार दिसला तर थर अपुरा आहे. मात्र गरजेपेक्षा जास्त थरही नकोत. कबचं कमाल वजन १,२२० पौंड आहे आणि लेपाचा प्रत्येक पौंड तुमच्या सामानातून किंवा सहप्रवाशातून वजा होतो.

आधीचंच कापड ठेवता येईल का, हा प्रश्न नेहमी येतो. कबसारख्या हलक्या विमानात जुन्या सुती कापडाची ताकद इंचाला ४६ पौंडांच्या खाली गेली की ते बाद. पॉलिएस्टर स्वतः टिकतं, पण वरचा लेप कडक होऊन वर्तुळाकार चिरा पडलेल्या असतील तर काढणंच बरं. पंधरा वर्षं पडून असलेल्या विमानात आमचा सल्ला काढण्याचाच आहे. कापड न काढता उभारलेला कब म्हणजे न पाहिलेल्या नळ्यांवर ठेवलेला विश्वास.

इंजिन: मॉडेलपेक्षा मोठा प्रश्न

सेस्ना १५० मध्ये १०० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल ओ-२००, कबमध्ये बहुधा त्याच घराण्यातलं ६५ अश्वशक्तीचं ए-६५. दोन्हींत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) खाली असतो, त्यामुळे तो उशिरा कोरडा पडतो. याच जागी १५० चं पुढचं मॉडेल सेस्ना १५२ समोर आलं तर सावध व्हा. त्यातल्या लायकमिंग ओ-२३५ मध्ये कॅमशाफ्ट वर असतो, सगळं तेल खाली निथळतं आणि कॅमवर गंजाचे खड्डे पडतात. इंजिन सुरू होतं, छान चालतं, आणि नंतर तेच खड्डे टॅपेटचा (कॅमवर टेकणाऱ्या भागाचा) पृष्ठभाग खरवडून धातूचा चुरा तेलात सोडतात. तिथे निदान एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण खोलून दुरुस्त केल्यावर) फक्त २०० तास चाललेलं इंजिन ऐकायला छान वाटतं. ते ओव्हरहॉल वीस वर्षांपूर्वीचं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ओ-२०० साठी कंपनीची मर्यादा १,८०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. मालकाने अधूनमधून जमिनीवरच चालवून ठेवलं असेल तर ते जास्त वाईट. तेल साधारण ७४ ते ९३ अंशांवर तासभर राहिलं तरच त्यातली वाफ निघून जाते, आणि जमिनीवर दहा मिनिटं चालवून तेवढं तापत नाही.

पाहायला गेल्यावर प्रोपेलर हाताने फिरवू नका. कोरड्या, गंजलेल्या भिंतीवर रिंगा खरवडतात, शिवाय मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) अर्थची तार तुटलेली असेल तर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. आधी मॅग्नेटो अर्थ झाल्याची खात्री, मग आठही स्पार्क प्लग बाहेर, मग बोरस्कोपने सिलिंडरच्या भिंती. फिकट तांबूस छटा चालते. नखाला लागणारे खड्डे चालत नाहीत. त्यानंतर सिलिंडरमध्ये पातळ तेल फवारायचं, जुनं तेल काढून तेल गाळणारी जाळी तपासायची. ओ-२०० असेल तर प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवत ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थांबायचं. ए-६५ ला स्टार्टर नसतो आणि तेलाचा पंप कोरडा झाला की तेल ओढत नाही. अशा वेळी पंप उघडून त्यात पेट्रोलियम जेली भरतात. इंजिन सुरू झाल्यावर ३० सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करायचं.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी वय न पाहता बदला. कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटो दोन्ही उघडायचेच. जुन्या इंधनाचा डिंक कार्ब्युरेटरची सुई चिकटवतो. दोन्ही विमानांत इंधन वरून खाली आपोआप येतं, म्हणून कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवून, विमानाचं नाक चढाईच्या कोनात ठेवून प्रवाह मोजा. उड्डाणाच्या कमाल गरजेच्या दीडपट यायला हवा. कमी आला तर टाकीच्या हवेच्या भोकात गांधीलमाशीचं घर आहे का ते आधी पाहा.

ए-६५ ची एक अडचण सांगायला हवी: काही जुन्या मॅग्नेटोंचे, विशेषतः आयझेमानचे, भाग मिळणं कठीण झालंय. ओ-२०० साठी तशी चणचण नाही.

बाकीचं

सेस्नात वायरिंग, स्विच, रेडिओ आणि १९६६ पासूनच्या नमुन्यांत फ्लॅपची (उतरताना खाली येणाऱ्या पंखाच्या फळीची) मोटर आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर शोधण्यात महिना जातो. मूळ कबमध्ये वीजच नाही. ब्रेकमध्ये तांबडं ५६०६ हायड्रॉलिक द्रव घालायचं. गाडीचं ब्रेक ऑइल घातलं तर सील फुगून निकामी होतात. कबचा लाकडी प्रोपेलर उभा ठेवलेला असेल तर ओल खालच्या पात्यात उतरून तो असमतोल होतो. सेस्नाच्या सीटच्या रुळांची भोकं झिजली की उड्डाणाच्या वेळी सीट मागे सरकते, म्हणून त्यांचीही सक्तीची तपासणी आहे.

कोणी काय घ्यावं

हँगर कोरडा, सोबत पत्र्याचं काम येणारा माणूस, आणि शिकण्यापेक्षा लवकर उडण्याची घाई असेल तर सेस्ना. पण आतून स्वच्छ निघालेलंच. असं विमान एका हिवाळ्यात उडण्याजोगं होऊ शकतं. आतून खराब निघालेल्या सेस्नाला मात्र कोणताही भाव स्वस्त नाही.

एकटे असाल, पंख आडवे ठेवायला जागा असेल, वास बाहेर जाईल अशी खोली असेल आणि दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार द्यायची तयारी असेल, तर कब. गंजका कबसुद्धा माणसाला परत उभा करता येतो, कारण तो नळी-नळीने दुरुस्त होतो. समुद्रकिनाऱ्याजवळ उघड्यावर उभ्या असलेल्या दोन विमानांतून निवडायचं असेल तर आमचं मत निःसंशय कबकडे जातं.

दोन्हीकडे लॉगबुकं (देखभालीच्या नोंदवह्या) आधी मागा. ती नसतील तर प्रत्येक सक्तीचा निर्देश पाळला गेलाय हे नव्याने सिद्ध करावं लागतं, आणि प्रत्येक न नोंदलेली दुरुस्ती उघडावी लागते. काम हाती घेण्यापूर्वी ज्याच्या सहीने विमान पुन्हा उडणार आहे त्या परवानाधारक अभियंत्याला भेटा. कोणत्या टप्प्यावर काम झाकण्याआधी तो येऊन पाहणार, हे लिहून घ्या. कापड चढवल्यावर किंवा पत्रा बंद केल्यावर त्याला बोलावलं तर तो ते परत उघडायला सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

विक्रेत्याला भेटायला जाताना एक स्क्रू ड्रायव्हर, आरसा, बोरस्कोप, टॉर्च आणि आरी एवढंच घेऊन जा, आणि अर्धा दिवस राखून ठेवा. झाकणं उघडायला विक्रेता तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.