फिजिक्स नको, पण इंजिनिअरिंग हवं: कॉम्प्युटर घ्यावं की केमिकल?

इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा (कॅप) ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की फिजिक्सला वैतागलेल्या मुलांच्या घरी दोन नावं हमखास निघतात. कॉम्प्युटर, कारण ‘त्यात कुठे आलंय फिजिक्स’, आणि केमिकल, कारण ‘केमिस्ट्री बरी जमते’. पहिला अंदाज बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा साफ फसवा.

केमिकलसाठी माटुंग्याच्या आयसीटीचं, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं (घरातली मोठी माणसं अजून जुन्या नावाने यूडीसीटीच म्हणतात) नाव घेतलं की डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतात. अभ्यास मात्र वेगळाच असतो. पाइपमधून द्रव न्यायला पंप केवढा लागेल, हीट एक्स्चेंजरमध्ये उष्णता किती वेगाने जाईल, डिस्टिलेशन कॉलमला ट्रे किती हवेत, असले प्रश्न. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर आणि थर्मोडायनॅमिक्स यांवर सगळी शाखा उभी आहे, आणि चारही विषयांची मुळं फिजिक्सकडे जातात. केमिस्ट्री असते, पण रिअ‍ॅक्टर केवढा बांधायचा हे ठरवताना हातात डिफरन्शियल इक्वेशनच येतं. ऑरगॅनिक मनापासून आवडतं म्हणून इकडे वळणाऱ्यांनी फार्मसी किंवा केमिस्ट्रीतली बीएस्सी आधी बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटरला दुसऱ्या वर्षापासून डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी सिस्टिम), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क असे विषय लागतात. लॉजिक गेट येतात, पण तिथे शून्य आणि एकचा हिशेब असतो, व्होल्टेजचा फारसा नाही. एमटेक प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्स पेपरात फिजिक्स नसतंच. गणित मात्र भरपूर: डिस्क्रीट मॅथ्स, ग्राफ, प्रोबॅबिलिटी, आणि एआयकडे वळलात तर लिनिअर अल्जेब्रा. तेव्हा फिजिक्स नकोसं का वाटतं, हे नीट तपासा. न्यूमरिकल्स सोडवायचाच कंटाळा असेल, तर इथेही सुटका नाही.

सिव्हिल आणि मेकॅनिकल थोडक्यात: फ्री बॉडी डायग्राम बघून कपाळाला आठ्या पडत असतील, तर लांब राहा. एक्सटीसीत (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स आणि अँटेना आहेत. मॅक्सवेलची समीकरणं टळत नाहीत.

पहिलं वर्ष कुठलीही शाखा घेतली तरी काढावंच लागतं. एफईला (म्हणजे या पहिल्या वर्षाला) इंजिनिअरिंग फिजिक्स असतं, पण लेझर, ऑप्टिकल फायबर, सेमीकंडक्टर हा भाग पाठांतरावर निभावतो. केटी लागायची (विषय राहून पुन्हा द्यावा लागायची) भीती जास्त ती मेकॅनिक्सची. ऑटोनॉमस कॉलेजांत विषयांची वाटणी वेगळी असू शकते, म्हणून ज्या-त्या कॉलेजचा सिलॅबस उघडून वाचा.

प्रवेशातही एक सोय आहे. एमएचटी-सीईटीच्या २०० गुणांपैकी गणिताला १००, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला ५०-५०, शिवाय निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्समध्ये गेलेले गुण गणितात भरून काढता येतात. जेईई मेनला तिन्ही विषयांना सारखंच वजन, तिथे हे जमत नाही.

अडचण कटऑफची. मुंबईतल्या व्हीजेटीआय किंवा एसपीआयटी या कॉलेजांत कॉम्प्युटरसाठी झुंबड असते. तिथे नंबर लागला नाही, तर फिजिक्स खरोखर नकोसं असलेल्याने आयसीटीच्या केमिकलपेक्षा जरा खालच्या कॉलेजातलं आयटी (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) पसंतीक्रमात वर टाकावं. आयटी आणि कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात फरक थोडाच आहे. नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू द्या.

अपवाद एकाच गटाचा: ज्यांना फिजिक्समधली फक्त वीज आणि चुंबकत्व झेपत नाही, पण उष्णता, दाब, प्रवाह यांची गणितं चालतात. त्यांना केमिकल जड जाणार नाही, कारण एफईचं बेसिक इलेक्ट्रिकल पार पडलं की सर्किटशी पुन्हा फारशी गाठ पडत नाही.