पैसा नसलेल्या जगाचा हिशोब : ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या डिस्कांचा खोका

लातूरच्या गंजगोलाईतील एका जुन्या सामानाच्या दुकानातून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-विज्ञानकथेच्या मालिका आणि चित्रपटांच्या वापरलेल्या डिस्कांचा खोका मी १,८०० रुपयांना घेतला. आडत बाजारात ३० वर्षे मुनिमकी केल्यामुळे त्यातल्या यानांपेक्षा तिथला हिशोब कोण लिहितो, याचेच कुतूहल मला जास्त होते.

१९९६ च्या चित्रपटात कप्तान पिकार्ड चोविसाव्या शतकात पैसा अस्तित्वात नसल्याचे ठणकावून सांगतो; मात्र १९६७ च्या एका भागात बारवाला आणि फिरता व्यापारी केसाळ गोळ्यांसारख्या प्राण्यांच्या भावावरून ‘क्रेडिट’मध्ये अशी घासाघीस करतात, की यार्डातला तुरीचा सौदा आठवावा. १९८६ च्या चित्रपटात भविष्यातून विसाव्या शतकात आलेला कप्तान कर्क आपला जुना चष्मा १०० डॉलरला विकतो आणि तरीही सुट्टे पैसे नसल्याने त्याला व त्याचा सहकारी स्पॉकला बसमधून उतरावे लागते. (आमच्या एसटीतही वेगळे काही घडले नसते.) १९९१ च्या चित्रपटात यानाचा अभियंता स्कॉटी होडी विकत घेतल्याचे सांगतो, कशाच्या मोबदल्यात, याची पावती मात्र कुठेच दिसत नाही.

खोक्यातला सर्वांत मोलाचा भाग १९९७ चा. वडिलांना खूश करण्यासाठी अंतराळ स्थानकाच्या प्रमुखाचा मुलगा जेक याला १९५१ सालचे बेसबॉलचे एक कार्ड लिलावात घ्यायचे असते, आणि पैशाच्या पलीकडे गेलेल्या समाजातला हा मुलगा बोलीसाठी फेरेंगी या व्यापारी परग्रहवासी जमातीतला मित्र नॉग याने साठवलेल्या लॅटिनमकडे, म्हणजे तिथल्या चलनाकडे, डोळे लावून बसतो. जेवण आणि कपडे यंत्रातून निघतात तोवर किमतीचा प्रश्न येत नाही. पण वस्तू एकच आणि मागणारे अनेक झाले, की बोली आलीच. आमच्याकडेही सालगड्याच्या हाती वर्षभर रोकड फारशी पडत नसे, कारण धान्य मालकाकडून मिळे आणि उचल खात्यावर चढे, तरी पाडव्याला वही उघडली की कोणाकडे काय निघते हे चोख कळे. मालिकेतल्या पृथ्वीवरही मला रोकड संपलेली दिसली, वही बंद झालेली दिसली नाही. आणि लेखकांनी ती वही प्रेक्षकांना कधी नीट दाखवली नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

चित्र स्वच्छ आहे, उपशीर्षके फक्त इंग्रजीत आहेत. चौथी डिस्क मध्येच अडकत असल्याने मी दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने रोख परत देण्यास साफ नकार दिला आणि, ‘काका, २०० रुपये तुमच्या नावावर जमा धरतो,’ असे म्हणून वहीत नोंद केली. ती रक्कम अजून तिथेच आहे.