उंदराच्या मेंदूतला टीएनएफ-अल्फा मोजणारं एलायझा किट: अ‍ॅम्फेटामाइन विड्रॉवलच्या कामात कितपत चालतं?

टीएनएफ-अल्फा म्हणजे दाहाचा संदेश नेणारं प्रथिन (सायटोकाइन), आणि एलायझा म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने ते रंगावरून मोजणारी चाचणी. किटमध्ये ९६ घरांची प्लेट, स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे नमुने), वॉश बफर, टीएमबी (रंग आणणारं द्रव्य), स्टॉप सोल्युशन. सीरमसाठी किट उत्तमच. पण अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य बंद केल्यावरच्या (विड्रॉवलमधल्या) भित्रेपणाचा रोगप्रतिकार संदेशांशी संबंध तपासायचा, तर मेंदूतल्या अमिग्डाला किंवा हिप्पोकॅम्पस या भागाचा तुकडा मोजावा लागतो. माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही, हे खरंच खटकतं.

ऊतक काढण्याआधी थंड सलाइनचं परफ्यूजन कराच, म्हणजे रक्तवाहिन्यांतलं रक्त सलाइनने धुऊन काढा. नाहीतर रक्तातला टीएनएफ मेंदूच्या खात्यावर जमा होतो. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं द्रव्य) आयत्या वेळी घाला. बफरमध्ये डिटर्जंट असतं, म्हणून एकूण प्रथिनं ब्रॅडफर्ड चाचणीऐवजी डिटर्जंट चालवून घेणाऱ्या बीसीए चाचणीने मोजा आणि निकाल पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम प्रथिन असा लिहा. मेंदूत मुळात पातळी कमी, त्यामुळे वाचन स्टँडर्ड रेषेच्या अगदी तळाशी येतं. नमुना फार पातळ करू नका, स्पाइक-रिकव्हरी (नमुन्यात माहीत प्रमाणात घातलेला टीएनएफ किती परत मोजला जातो ते) आधी बघा. वाचन ४५० नॅनोमीटरला घ्या, ५७० चं वजा करा. फ्रिजमधून काढलेली प्लेट लगेच वापरली की कडेच्या घरांचं वाचन वेगळं येतं.

खरी गफलत किटबाहेर होते. प्लस-मेझच्या (दोन उघड्या, दोन बंद बाहूंचा, चिंता तपासायचा उंच मंच) ५ मिनिटांचा ताणही सायटोकाइन हलवू शकतो, म्हणून ऊतकासाठी मेझवर न चढवलेला वेगळा गट ठेवा. विड्रॉवलमधला प्राणी मरगळलेलाही असतो: उघड्या बाहूंतला वेळ घटला, तरी बंद बाहूंतल्या फेऱ्याही घटल्या असतील, तर त्याला चिंता म्हणू नका.

सीरमवाल्यांनी बिनधास्त घ्यावं. मेंदूवाल्यांनी आधी एकच प्लेट मागवावी.