ग्नू बॅकगॅमन: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव, मुख्यतः क्यूबबद्दल

आधी साधी माहिती. बॅकगॅमन म्हणजे दोघांनी फासे टाकून सोंगट्यांनी खेळायचा पटावरचा खेळ, आणि ग्नू बॅकगॅमन हे तो खेळायचं आणि तपासायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, लॅपटॉपवर नेटशिवाय चालतं, आणि पावसाळ्यापासून मी जवळपास रोज रात्री जेवणं उरकली की एखादी 5 किंवा 7 पॉइंटची मॅच खेळून लगेच अ‍ॅनालिसिसला लावतोय. दिसायला जुनाट आहे, मेन्यूची सवय व्हायला थोडा वेळ जातो, पण ज्याला खेळ सुधारायचाय त्याने दिसण्याकडे बघूच नये. एक्स्ट्रीम गॅमन म्हणून विकतचं सॉफ्टवेअर आहे, स्पर्धा खेळणारे पुष्कळ जण तेच वापरतात, पण नव्याने शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी पैसे घालायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात कामाचं काय तर मॅच संपल्यावरचं स्टॅटिस्टिक्सचं पान. सोंगट्यांच्या चुका वेगळ्या, क्यूबच्या (म्हणजे गेमचे पॉइंट दुप्पट करायच्या ठोकळ्याच्या) वेगळ्या, आणि क्यूबमध्येही परत डबल (दुप्पट करायची ऑफर) द्यायचं राहिलं, चुकीचा टेक (ऑफर स्वीकारणं), चुकीचा पास (ती नाकारून गेम सोडणं) असे वेगवेगळे रकाने. गेमभर सोंगट्या तुम्ही कितीतरी वेळा हलवता, क्यूबचा खरा कस लागतो तो एखाद-दुसऱ्याच वेळी, पण तिथे घसरलात की आधीच्या दहा चांगल्या चालींची कमाई एका झटक्यात जाते. तुर्कस्तानात तवला (बॅकगॅमनचाच तिथला प्रकार) खेळतात त्यात सहसा क्यूब नसतोच, तो आला 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात हुशार भर तीच आहे.

टेकचा हिशोब अगदी सरळ आहे. समोरच्याने चार वेळा डबल दिलं, तुम्ही चारही वेळा पास केलं तर 4 पॉइंट गेले. चारही वेळा टेक करून एकदा जिंकलात तर 2 आले, तीनदा हरलात तर 6 गेले, म्हणजे परत 4 च गेले. म्हणून 25 टक्के ही सीमा. पण टेक केल्यावर क्यूब तुमच्याकडे येतो, पुढे तुम्ही रीडबल देऊ शकता, त्यामुळे लांब रेसमध्ये (सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्यावरच्या शर्यतीत) 21-22 टक्क्यांवरही टेक बसतो. याच्या उलट गॅमनची (एकही सोंगटी बाहेर न काढता हरून दुप्पट पॉइंट जाण्याची) भीती असेल, म्हणजे तुमची एक सोंगटी मार खाऊन बारवर (पटाच्या मधल्या पट्टीवर), समोरच्याच्या होममध्ये (शेवटच्या सहा घरांत) चार पॉइंट, म्हणजे घरं, बंद (अशा वेळी 36 पैकी 16 फाशांत आत येताच येत नाही) आणि त्यात मागे अजून एखादा ब्लॉट (एकटी सोंगटी) उघडा, तर 30 टक्के जिंकायचे चान्स दिसत असले तरी पास करावं लागू शकतं. हे वाचून कळतं, पण हाताला वळण लागतं ते रोजच्या अ‍ॅनालिसिसनेच.

आणि सोंगट्या वेगळ्या, क्यूब वेगळा असं नसतंच. हे बघा, बाहेर काढायच्या शेवटच्या दोन सोंगट्या 6 आणि 2 च्या घरावर आहेत, फाशातला 1 खेळायचा बाकी आहे आणि समोरचा अजून दोन टर्नमध्ये नक्की संपवणार. 6 वरची 5 वर आणली तर 5-2 उरतात, 2 वरची 1 वर आणली तर 6-1 उरतात. पिप (बाहेर पडायला लागणारी एकूण घरं) दोन्हीकडे 7 च. पण 5-2 वरून 36 पैकी 19 फाशांत दोन्ही सोंगट्या एका टर्नमध्ये निघतात, 6-1 वरून फक्त 15. आता पुढच्या टर्नला 5-2 असेल तर 52.8 टक्के तुमचे, बिनधास्त डबल द्या, समोरच्याकडे 47.2 आहेत म्हणून तोही टेक करणार, आणि दोघंही बरोबर! 6-1 असेल तर डबलचा विषयच संपला. एक घर कुठली सोंगटी सरकवली त्यावर सगळं ठरलं.

सुरुवातीच्या चालींचंही तेच. पूर्वी 2-1 पडले की 13/11, 6/5 (13 च्या घरातली 11 वर, 6 ची 5 वर) असा स्लॉट, म्हणजे हव्या त्या घरात एकटी सोंगटी ठेवायचा धोका, सर्रास खेळायचे, मग 1992 च्या सुमारास आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरोने टीडी-गॅमन बनवलं, ते स्वतःशीच खेळून खेळून शिकलं आणि त्याने 24/23, 13/11 ला मोठे मार्क दिले, तेव्हापासून 4-1 आणि 5-1 चा स्लॉट तर जवळपास गेलाच. 2-1 ला मात्र फरक अगदी थोडा आहे, 36 पैकी 15 फाशांत मार बसतो पण नाही बसला तर 5 चा पॉइंट हातात येतो, मला वैयक्तिक तो अजूनही आवडतो.

मॅचचा स्कोअर आला की तर क्यूबची सगळी किंमतच बदलते. 5 ची मॅच, समोरचा 3, तुम्ही 1. तुम्ही डबल दिलंत तर समोरच्याला 2 पुरतात, त्याच्या हातात क्यूब मेलेला (पुढे दुप्पट करून त्याला काहीच फायदा नाही), आणि तुम्हाला गॅमन लागला तर 4 पॉइंट मिळून मॅचच संपते, म्हणून इथे नेहमीपेक्षा बरंच लवकर डबल द्यायचं. याउलट समोरच्याने दिलं तर तुम्ही लगेच 4 ला रीडबल करणार कारण तुमचं आणखी काही जायचं राहिलेलं नसतं, त्यामुळे त्याने जपूनच राहायला हवं.

एक कमी नक्की आहे, ते आकडा देतं, कारण देत नाही. मी चुकलेली पोझिशन बोर्डवर तशीच ठेवतो, एखादी सोंगटी एक घर इकडे तिकडे करून परत विचारतो, कुठे टेकचा पास होतो ते सापडलं की कारण आपोआप कळतं, हा उद्योग खूप शिकवून जातो, वेळ काढाच. टेक की पास कळत नसेल तर डबल द्यायलाच हवं हा बॅकगॅमनपटू किट वुल्सीचा नियमही असाच तपासून बघा.

ट्यूटर मोड चूक करायच्या आधीच थांबवतो, सरावाला छान, मॅच खेळताना बंद ठेवा. अ‍ॅनालिसिस 2-प्लायवर (प्लाय म्हणजे किती चाली पुढचं बघायचं) लावा, आणि बॅकगेम (मागे राहून समोरच्याच्या होममधली घरं धरून खेळणं) किंवा प्राइमविरुद्ध प्राइम (दोघांचीही ओळीने बंद घरं) अशी पोझिशन असेल तर तेवढ्यावर न थांबता रोलआउट (तीच पोझिशन पुन्हा पुन्हा खेळवून बघणं) लावून झोपायला जा, सकाळी बघा.