जवळची वन डे फॅमिली ट्रिप : पैसा वसूल की नुसती दगदग?

मागच्या काही महिन्यांत आम्ही लांबच्या टूरऐवजी घरापासून तास-दीड तासावरच्या ठिकाणी एका दिवसाच्या चकरा मारल्या, पार्क झालं, म्युझियम झालं, तळं झालं, आणि खरं सांगू तर मला आवडलं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हॉटेलचा खर्च शून्य आणि रात्री झोपायला स्वतःचा बेड. मुलांनी मधेच भोकाड पसरलं तरी टेन्शन नाही, सरळ गाडी वळवायची आणि घर.

पण उशिरा निघालात की संपलं. दहा ते चार ऊन सगळ्यात कडक असतं, सनस्क्रीन पण दर दोन तासांनी परत लावावी लागते (आम्ही विसरलो, धाकट्याचं नाक लालेलाल), आणि रविवारी पार्किंग शोधण्यातच अर्धा मूड जातो. जमलं तर वर्किंग डेला जा.

एका दिवसात तीन स्पॉट तर अजिबात नको, आम्ही केलं आणि मुलांना लक्षात काय राहिलं तर तळ्यातली बदकं! म्युझियमचं तिकीट वायाच गेलं म्हणायचं. आजी-आजोबा सोबत असतील तर टॉयलेट आणि बसायला सावली आहे का हे आधी फोन करून विचारा. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण दुसऱ्या दिवशी परत ऑफिस.